आलेखाखालची फाइल



आकडेवारी हा विषय जाहीर झाल्यावर सभागृह भरेल असं मला वाटलं नव्हतं. संयोजकांनाही वाटलं नसावं, कारण मागच्या खुर्च्या अजून आणल्या जात आहेत. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आकड्यांचा मनस्वी कंटाळा होता असं मला येताना सांगण्यात आलं. त्यांची क्षमा मागून सुरुवात करतो.

विषय दिसायला लहान आहे. एखादी सरकारी किंवा बिनसरकारी संस्था आकडेवारी गोळा करते. पूर्वी ती जाडजूड अहवालांत छापली जायची, मग सीडीवर मिळू लागली, मग संकेतस्थळावर आली. आज त्या संकेतस्थळावर गेलात की समोर देखणा आलेख असतो. रेषेवर बोट टेकवलं की आकडा उमटतो. खाली एक छोटं बटण: डाउनलोड. दाबलं की पंधरा-वीस ओळींची फाइल मिळते. एका रकान्यात वर्ष, दुसऱ्यात आकडा, संपलं. आणि ज्या लाखो नोंदींतून हा आलेख निघाला, त्या मूळ फाइली? त्या हळूहळू मागच्या दाराशी जातात. कुठे नोंदणी करून मिळतात, कुठे दुवा उघडत नाही, आणि कुठे तर ‘आता त्यांची गरज उरली नाही’ असं कुणीतरी ठरवून टाकतं.

हे बरं झालं की वाईट? व्याख्यात्याने आपलं मत शेवटपर्यंत दडवून ठेवायचं असतं म्हणतात, पण मला ते जमत नाही. सोपी फाइल आली हे उत्तम झालं. ती फार आधी यायला हवी होती. मात्र ती मूळ फाइल हटवून तिच्या जागी बसणार असेल, तर माझी हरकत आहे. आधी मी सोप्या फाइलीची बाजू घेणार आहे, मग तिच्यावर संशय घेणार आहे, आणि शेवटी वेळ उरला तर दोघींनी एकत्र कसं नांदावं ते सांगणार आहे.

तर पहिली गोष्ट, बाजू घेण्याची.

आपल्याकडे १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. माणूस घरी येतो, ओसरीवर बसतो आणि विचारतो: गेल्या महिन्यात तांदूळ किती लागला, गोडेतेल किती, फोनचा खर्च किती, पोराची फी किती. २०२२-२३ च्या खर्च पाहणीत अशी २,६१,७४६ घरं होती. आता या पाहण्यांच्या जुन्या फेऱ्यांची मूळ फाइल उघडून बघा. काय दिसतं? अंक. एकाला एक चिकटलेले अंक. मध्ये ना स्वल्पविराम, ना रकान्याला नाव. सोबत एक वेगळा कागद असतो, त्यात लिहिलेलं असतं की अमुक अंकापासून तमुक अंकापर्यंत राज्य, तिथून पुढे जिल्हा, त्यापुढे घराचा क्रमांक. तो कागद शेजारी ठेवून अंकांची ती माळ तोडत बसायचं.

माळ तोडली तरी सुटका नाही. प्रत्येक नोंदीला एक गुणक जोडलेला असतो: हे एक घर देशातल्या किती घरांच्या वतीने बोलतंय ते सांगणारा. कित्येक फेऱ्यांत हा गुणक कधी शंभराने भागायचा असतो, कधी दोनशेने, आणि केव्हा कशाने ते दुसऱ्याच दोन रकान्यांवरून ठरतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याचं उत्तर दुपटीने चुकू शकतं. फाइल तक्रार करत नाही. ती निमूटपणे चुकीचं उत्तर देते.

आणि आकार? एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. दोन लाख एकसष्ट हजार घरांमागे नुसत्या चाळीस-चाळीस ओळी धरा, एक कोटीचा आकडा ओलांडतो. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी बसून बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराने ही फाइल उतरवून घेतली, तरी त्याच्या संगणकावर ती पुरती उघडणारसुद्धा नाही. जिथे तज्ज्ञ बसलेले असतात तिथेही हे घडतं बरं का. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेरीस करोनाच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी रोजच्या आकड्यांतून गळल्या. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत, त्यापुढच्या नोंदी तिथेच राहिल्या, असं कारण पुढे आलं. देशाच्या आरोग्य यंत्रणेची ही गत, तर आपल्या वार्ताहराला काय बोल लावणार?

म्हणून ‘आमची सगळी आकडेवारी खुली आहे’ असं जेव्हा एखादी संस्था अभिमानाने सांगते आणि हातात असली फाइल ठेवते, तेव्हा मला तो अर्धवट प्रामाणिकपणा वाटतो. कायद्याने खुली, व्यवहारात बंद. खुली कुणाला? ज्याच्याकडे महागडी प्रणाली आहे, ज्याला ती चालवता येते, आणि गुणकाची मेख ज्याला गुरूने कानात सांगितली आहे, त्याला. माझे काही व्यवसायबंधू ‘आलेखाखालच्या फाइली म्हणजे पोरखेळ’ असं नाक मुरडून म्हणतात. मला हे नाक मुरडणं मान्य नाही. अवघडपणावर आपलं पोट आहे म्हणून अवघडपणाचा गौरव करणं बरं नव्हे.

सोप्या तक्त्यावर मोठं काम उभं राहत नाही असं कुणाला वाटत असेल तर पुण्याचंच उदाहरण देतो. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या गरिबीवरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. रोज माणशी २,२५० कॅलरी पोटात जायला किती खर्च लागतो? १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७०. एवढाही खर्च न जमणारे खेड्यांत सुमारे चाळीस टक्के, शहरांत सुमारे पन्नास टक्के. देशभर या आकड्यांनी खळबळ उडवली, पुढची कितीतरी वर्षं धोरणाची चर्चा त्यांच्याभोवती फिरली. दोघांसमोर होतं काय? घराघराच्या नोंदी नव्हेत. नमुना पाहणीचे छापील तक्ते: अमुक खर्चगटात इतके लोक, तमुक गटात तितके. आजच्या भाषेत सांगायचं तर आलेखाखालची फाइलच. प्रश्न नेमका असेल तर वीस ओळींचा तक्ताही पुरतो.

एवढी बाजू पुरे. आता संशय.

दांडेकर-रथांना तो तक्ता का पुरला? त्यांचा प्रश्न आणि तक्ता यांची गाठ जुळली म्हणून. खर्चाच्या गटांनुसार माणसं हवी होती, तक्ता तोच होता. पण समजा, प्रश्न वेगळा असता? समजा, तक्त्यावरच शंका असती?

ही कल्पना नाही, असं घडलेलं आहे. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या एका गोष्टीत माझं निम्मं व्याख्यान आहे.

१९९३-९४ साली देशात सुमारे ३६ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत असं सरकारी गणित होतं. १९९९-२००० च्या पाहणीनंतर तो आकडा सुमारे २६ टक्क्यांवर आला. सहा वर्षांत दहा टक्के! याचा आलेख डोळ्यांपुढे आणा. दोन ठिपके, एक रेषा, उजवीकडे छान उतरलेली. आर्थिक सुधारणांना दहा वर्षं होत आलेली, त्यांच्या समर्थकांना याहून काय हवं होतं? आणि आलेखाखालची फाइल उतरवून घेतली असती तर तिच्यात काय मिळालं असतं? दोन ओळी. त्या दोन ओळी कितीही वेळा तपासा, बेरीज चुकलेली नाही, छपाई चुकलेली नाही. मग बिनसलं कुठे?

बिनसलं ते ओसरीवर. घरी आलेला माणूस पूर्वी विचारायचा, गेल्या तीस दिवसांत काय काय खाल्लंत, कितीचं? महिनाभराचं सगळं कुणाला आठवतं? माणूस विसरतो, खर्च कमी सांगतो. त्याऐवजी गेल्या सात दिवसांचं विचारलं तर आठवणीतून कमी सुटतं आणि खर्च जास्त भरतो. नव्वदच्या दशकात पाहणीवाल्यांनी हे प्रयोग करून पाहिलं होतं: काही घरांना एक प्रश्नावली, काही घरांना दुसरी. सात दिवसांच्या प्रश्नावलीत खर्च जास्त, म्हणून गरिबी कमी. माणसं तीच, ताटातलं अन्न तेच, फक्त प्रश्नातला कालावधी बदलला. मग १९९९-२००० मध्ये केलं काय, तर खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी दोन्ही प्रश्न त्याच घराला, त्याच कागदावर, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले. आता तुम्हीच सांगा. सात दिवसांत साखर एक किलो असं नुकतंच सांगितलेला माणूस शेजारच्या रकान्यात महिन्याची साखर सांगताना काय करेल? मनातल्या मनात गुणाकार करेल. विचारणाराही दोन्ही रकाने जुळताहेत ना ते बघेल. तीस दिवसांच्या उत्तराला सात दिवसांच्या उत्तराने आपल्याकडे ओढून घेतलं. कपडे, चपला, शिक्षण यांचा हिशोब तर आता वर्षभराच्या आठवणीवर घेतला होता. म्हणजे ३६ आणि २६ हे दोन आकडे एका पट्टीने मोजलेलेच नव्हते.

हे उलगडलं कसं? त्या सुमारास सरकार पाहणीच्या घरागणिक नोंदी अभ्यासकांना द्यायला लागलं होतं, म्हणून. अ‍ॅंगस डीटन यांनी (पुढे २०१५ साली ज्यांना नोबेल मिळालं तेच) असा विचार केला की सगळ्याच वस्तूंचा कालावधी काही बदललेला नाही. इंधन, दिवाबत्ती आणि अशा काही गोष्टी दोन्ही वेळा तीस दिवसांच्याच हिशोबाने विचारल्या आहेत. त्या वस्तूंवरचा खर्च आणि घराचा एकूण खर्च यांचं नातं जुन्या नोंदींत सापडतं. ते धरून नव्या पाहणीतला खरा खर्च किती असावा याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या बाजूला के. सुंदरम आणि सुरेश तेंडुलकर यांनी उलट वाट धरली. हे तेंडुलकर म्हणजे ज्यांच्या नावाची समिती आपण वर्तमानपत्रांत वाचली तेच. त्यांनी १९९३-९४ च्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या. त्यांत काही वस्तूंची वर्षभराची माहितीही घेतलेली होती, ती वापरून जुन्या वर्षाचं गणित नव्या पद्धतीने मांडलं. म्हणजे एकाने नवा आकडा जुन्या पट्टीवर आणला, दुसऱ्यांनी जुना आकडा नव्या पट्टीवर नेला. त्यांची उत्तरं एक झाली नाहीत. घट झाली होती यावर पुष्कळांचं एकमत झालं, किती झाली यावर वाद चालत राहिला. पण तो वाद घालता आला! एका देशाला आपल्या गरिबीबद्दल नीट भांडता आलं, कारण पायाशी घराघराच्या नोंदी होत्या. फक्त ती दोन ओळींची फाइल असती तर आपल्याला काय करता आलं असतं? टाळ्या वाजवता आल्या असत्या, किंवा नुसताच अविश्वास दाखवता आला असता.

अविश्वासाबद्दल एक जाता जाता सांगतो. आकड्यांवर अविश्वास दाखवणारे लोक मला भेटत असतात, कदाचित आजही समोर असतील. ‘सगळं खोटं असतं हो.’ हा अविश्वास फार आळशी असतो. शंका घ्यायलाही साधन लागतं, आणि ते साधन नसलं की उरतो तो नुसता तिरकसपणा.

दुसरं उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतलं. जून २०२०. करोनाच्या मृत्यूंचा देशाचा आलेख आपण रोज सकाळी पाहायचो, पंचांगासारखा. १७ जूनला तो एकदम उसळला: एका दिवसात २,००३. घबराट झाली. खरं काय होतं? आदल्या दिवशी महाराष्ट्राने आधीच्या काळातले, नोंदीत यायचे राहिलेले १,३२८ मृत्यू हिशोबात धरले होते, आणि त्यांतले ८६२ एकट्या मुंबईतले होते. त्या दिवसाचे राज्यातले ताजे मृत्यू होते ८१. माणसं एका दिवसात गेली नव्हती, नोंद एका दिवसात झाली होती. राज्याच्या पत्रकात हे लिहिलेलं होतं. पण तारीख आणि आकडा एवढ्या दोनच रकान्यांच्या फाइलीत ती ओळ मावेल कुठे? पुढे सात दिवसांची सरासरी काढून आलेख गुळगुळीत करायची पद्धत सर्रास झाली. मग ती उसळी आठवडाभर पसरून एक टेकडी झाली. आज कुणी विद्यार्थ्याने ती सरासरीची फाइल उतरवली तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रात साथ भडकली होती, असं तो प्रबंधात लिहील. त्याला दोष कसा द्यायचा?

त्या काळात काही स्वयंसेवकांनी ‘कोविड नाइन्टीन इंडिया’ हे संकेतस्थळ चालवलं, ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत. राज्याराज्यांची पत्रकं, काही तर चक्क चित्राच्या रूपातली, वाचून ते नोंदी भरायचे. त्यांच्या पानावर आलेख होते, आणि ज्यांतून आलेख निघाले त्या फाइलीही होत्या. सरकारने करायचं काम घरी बसलेल्या तरुणांनी केलं, हे कौतुकाचं आहे आणि लाजेचंही.

तर इथवर आपण कुठे आलो? सोपा तक्ता हवाच, कारण त्यावाचून बहुतेकांना दार बंद. आणि मूळ नोंद हवीच, कारण आलेख कुणीतरी आधीच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतो. तो प्रश्न कोणी निवडला, शब्दांची व्याख्या कोणी केली, सरासरी किती दिवसांची धरली, हे त्या फाइलीत शिरलेलं असतं आणि दिसत मात्र नाही.

मग दोघी एकत्र कशा नांदतील? इथे मी थोडक्यात बोलतो, कारण हे तत्त्वज्ञान नाही, व्यवस्था आहे.

चांगल्या व्यवस्थेचा एक नमुना अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. टॉर नावाचं एक जाळं आहे, इंटरनेटवर ओळख लपवून वावरण्यासाठी पत्रकार, कार्यकर्ते, दडपशाहीतले नागरिक ते वापरतात. (चोरही वापरतात, ते असो.) ओळख लपवणं हाच ज्यांचा व्यवहार, ते वापरणारे मोजणार कसे? थेट मोजत नाहीतच. जाळ्याची अद्ययावत यादी मागणाऱ्या विनंत्या मोजतात, एक संगणक दिवसाला सरासरी दहा विनंत्या करतो असं धरतात आणि दहाने भागतात. त्यांच्याकडे पूर्वी विषयवार मोठाल्या आकडेफाइली असत, सगळे देश आणि सगळे प्रकार एकात कोंबलेले. त्यांऐवजी त्यांनी आलेखागणिक लहान फाइल ठेवली: तुम्ही जो देश आणि ज्या तारखा निवडाल तेवढंच. पण जाळ्यातल्या यंत्रांनी पाठवलेल्या मूळ नोंदींचा संग्रह त्यांनी स्वतंत्रपणे, वर्षानुवर्षांचा, खुला ठेवला. आणि दहाने भागतो हेही लिहून ठेवलं. मधला अवजड थर गेला तर जाऊ दे, पाया शाबूत आहे.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. २०१७-१८ च्या खर्च पाहणीचे निकाल सरकारने गुणवत्तेचं कारण देऊन प्रसिद्ध केलेच नाहीत. त्यामुळे २०११-१२ नंतरचं थेट २०२२-२३ चं चित्र फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आलं, तेही आधी एका फॅक्टशीटच्या रूपात. खेड्यात माणशी महिन्याचा खर्च ३,७७३ रुपये, शहरात ६,४५९. फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली तर ३,८६० आणि ६,५२१. लोकसंख्येचे बारा गट पाडले होते: खेड्यातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा खर्च १,३७३, सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१. फॅक्टशीट स्वच्छ होती, वाचायला सोपी होती. घराघराच्या नोंदी काही महिन्यांनी खुल्या झाल्या. मधल्या काळात काय झालं? त्या बारा गटांवरून देशात गरिबी जवळजवळ संपली इथपासून ते मुळीच नाही इथपर्यंत सगळं बोलून झालं. नोंदी आल्या तेव्हा लोक पुढच्या विषयावर गेले होते. सोपी फाइल आणि मूळ फाइल एकाच दिवशी द्या, एवढी साधी मागणी यातून निघते.

दुसरी मागणी दुव्याची, आणि तिचा नमुना आपल्या घरातच आहे. सातबारा बघा. तोही एक प्रकारे गोषवाराच: जमीन किती, कुणाच्या नावावर, पीक कोणतं. पण त्यावर नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. हे नाव इथे आलं कसं, खरेदीने की वारसाने, हे बघायचं तर तो क्रमांक धरून गाव नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत जाता येतं. निरक्षर शेतकऱ्यालाही हे ठाऊक असतं की भांडण लागलं तर नुसता सातबारा पुरत नाही, फेरफार काढावा लागतो. आलेखाखालच्या प्रत्येक फाइलीत असा एक क्रमांक का असू नये? हा आकडा अमुक पाहणीतल्या अमुक रकान्यातून, अमुक व्याख्येने, अमुक तारखेला काढला. चार ओळी. जून २०२० च्या त्या उसळीपुढे ‘१,३२८ जुने मृत्यू’ एवढी एक टीप.

खाजगीपणाचा आक्षेप कुणी घेईल, आणि तो खोटा नाही. घराघराची नोंद उघडी केली तर माणूस ओळखू येईल. म्हणून पाहणीच्या नोंदींतून नाव-पत्ता काढलेला असतो, आणि जनगणनेत तर कुटुंबाची मूळ पत्रिका १९४८ च्या कायद्याने गोपनीयच असते, ती कुणालाही पाहता येत नाही. तिथे पाया म्हणजे गाव आणि वॉर्ड यांचे तक्ते. म्हणजे पाया किती खोल उघडा ठेवायचा हे विषयागणिक ठरेल. ठरवा, पण ठरवलंत ते सांगा. ‘गोपनीयता’ हा शब्द आळसावर पांघरूण म्हणून वापरला जातो तेवढं मात्र होऊ देऊ नका.

आता जनगणना तोंडावर आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख जाहीर झालेली आहे, जातींची गणना तिच्यात आहे, आणि माहिती यंत्रावर भरली जाणार आहे. निकाल येतील तेव्हा पहिल्या दिवशी रंगीत नकाशे येतील. मोबाइलवर फिरतील. जिल्ह्यावर बोट ठेवलं की टक्का दिसेल. तेव्हा बोट आणखी खाली न्या आणि बघा: नकाशाची फाइल मिळते का, तिच्यात व्याख्या आहेत का, गावपातळीचे तक्ते त्याच दिवशी आहेत की ‘लवकरच’ आहेत. ‘लवकरच’ असेल तर केव्हा, हे विचारणारं पत्र मराठीत लिहिलेलं चालतं.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्नांसाठी संयोजकांनी पंधरा मिनिटं राखली आहेत. त्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू या.